दातात मुरलेले पाणी



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींशेजारी, अधूनमधून एक लहानशी चौकट छापून येते. अनोळखी पुरुषाचा मृतदेह. वय अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस. रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. नातेवाइकांनी संपर्क साधावा. सोबत एक काळपट फोटो असतो, ज्यात सख्ख्या आईलाही आपले लेकरू ओळखू येणार नाही. आम्ही ही चौकट वाचल्याशिवाय पान उलटत नाही. सावळा रंग, मध्यम बांधा आणि चौकड्यांचा शर्ट! हे वर्णन आमच्या वस्तीतल्या निम्म्या पुरुषांना लागू पडते. सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर, रात्रपाळीचा वॉचमन, ट्रकवरचा क्लिनर, सेंटरिंगच्या कामावरचा बिगारी, सगळे या एका ओळीत बसतात. बंगल्यातल्या माणसाचे असे वर्णन छापून आलेले आमच्या तरी पाहण्यात नाही. त्याच्या शोधासाठी आधीच दहा फोन झालेले असतात.

मग प्रश्न पडतो, ज्याच्या खिशात कागद नाही आणि ज्याला विचारत कोणी आले नाही, त्या माणसाबद्दल याहून अधिक काही कळू शकते की नाही? कळू शकते. त्याचा एक दात घेऊन प्रयोगशाळेत तपासला, तर तो माणूस लहानपणी साधारण कोणत्या मुलखातले पाणी प्याला आणि कशावर वाढला याचा अंदाज बांधता येतो. या तपासणीला आयसोटोप तपासणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात आयसोटोपला ‘समस्थानिक’ असा शब्द आहे. नववी-दहावीच्या मुलांनी हा भाग आईवडिलांना वाचून दाखवावा, म्हणून आम्ही तो सोपा करून सांगतो.

एका घरात भावंडे असतात. आडनाव एक, वागणूक एक, पण एकाचे वजन थोडे जास्त. मूलद्रव्यांचेही तसेच आहे. ऑक्सिजनचा एक अणू सोळा वजनाचा, त्याचाच भाऊ अठरा वजनाचा. कार्बनमध्ये बारा आणि तेरा. या अणूंपासून किरण निघत नाहीत, धोका काही नाही. ते आपल्या पाण्यात, भाकरीत, रक्तात सगळीकडे आहेत. फक्त हलक्या आणि जड भावंडांचे प्रमाण ठिकठिकाणी किंचित बदलते, आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र हा किंचित फरक मोजून दाखवते.

पाण्याचे उदाहरण घ्या. समुद्रावरून निघालेला ढग म्हणजे माल भरून निघालेला ट्रक समजा. वाटेत तो जड माल आधी उतरवतो. जसजसा जमिनीवर आत जाईल, डोंगर चढेल, तसतसे त्याच्यात हलके पाणी उरते. म्हणून किनाऱ्यावरचा पाऊस आणि आतल्या मुलखातला पाऊस सर्वसाधारणपणे सारखा नसतो. मुंबईचा माणूस नळाला तोंड लावतो तेव्हा तो तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याला पडलेल्या पावसाचे पाणी पीत असतो. तेच त्याच्या अंगात मुरते.

अन्नाचेही असेच. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिके हवेतला कार्बन एका रीतीने घेतात, गहू आणि भात दुसऱ्या रीतीने. त्यामुळे भाकरीवर पोसलेला देह आणि भातावर पोसलेला देह हाडांवरून वेगळा काढता येतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यापासून हा फरक आपल्याकडे पुसट होत चालला असणार, असे आम्हाला वाटते.

तिसरी साक्ष मातीची. स्ट्रॉन्शियम नावाचे मूलद्रव्य खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून माणसाच्या हाडात येते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात ठेवून घेते. जुन्या खडकांत सत्याऐंशी वजनाच्या स्ट्रॉन्शियमचे प्रमाण साधारणपणे जास्त असते. आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. माणसाच्या हिशेबात हे फार झाले, पण खडकांच्या हिशेबात तो तरुणच. गडचिरोलीकडचे आणि सिंधुदुर्गातले खडक त्याहून कितीतरी पुरातन. तेव्हा गडचिरोलीचा माणूस आणि सोलापूरचा माणूस यांच्यात हाड फरक करू शकते. सोलापूर आणि नाशिक यांच्यात मात्र खडकावरून फारसा फरक निघणार नाही, कारण दोन्हीकडे तोच काळा दगड. शास्त्राची ही मर्यादा आधीच सांगून ठेवलेली बरी, नाहीतर लोकांना वाटते की यंत्रात दात टाकला की गावाचे नाव आणि पिनकोड छापून येतो.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट काळाची आहे. दातावरचे पांढरे कठीण कवच एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास जी पहिली पक्की दाढ येते, तिचे कवच जन्मापासून साधारण तीन वर्षांत आतल्या आत तयार झालेले असते. अक्कलदाढेचे कवच पुढे शाळेच्या वयात बनते. म्हणजे पहिल्या दाढेत तान्हेपणाची नोंद, अक्कलदाढेत शाळकरी वयाची. हाड मात्र सतत झिजून नवे होत असते, म्हणून त्यात अलीकडच्या दहा-पंधरा किंवा अधिक वर्षांचा मेळ सापडतो. आणि केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून बाईच्या लांब केसात गेल्या दोन-तीन वर्षांचा प्रवास महिन्यांच्या क्रमाने सापडू शकतो. मराठवाड्यात जन्मलेला, विसाव्या वर्षी मुंबईला आलेला कामगार डोळ्यांपुढे आणा. त्याच्या दाढेत गावचे पाणी राहते, केसात तानसा-भातसाचे, आणि हाडात दोन्हींची मिसळ. माणूस गाव सोडतो, पण दाढ गाव सोडत नाही.

आणखी एक. १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठ्या राष्ट्रांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेत कार्बन-१४ वाढला. १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हा चढउतारही दातात उतरला आहे. त्यावरून त्या काळानंतर जन्मलेल्या माणसाचे जन्मवर्ष एक-दोन वर्षांच्या फरकाने काढता येते. ज्यांची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने १ जून लावली, त्या आमच्या पिढीची खरी साल दाताला ठाऊक आहे म्हणायचे!

हे सगळे प्रत्यक्षात कसे उपयोगी पडले, ते लंडनच्या एका प्रकरणावरून सांगतो. २१ सप्टेंबर २००१ रोजी तिथल्या थेम्स नदीत, ग्लोब थिएटरजवळ, एका लहान मुलाचे धड तरंगताना दिसले. डोके नाही, हात नाहीत, पाय नाहीत. वय चार ते सातच्या दरम्यान, वर्ण काळा. अंगावर फक्त नारिंगी रंगाची अर्धी चड्डी. बोटांचे ठसे नाहीत, दात नाहीत, चेहरा नाही. आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे आमचे असे मूल हरवले आहे, असे सांगत कोणी आले नाही. पोलिसांनी या मुलाला ‘अ‍ॅडम’ हे नाव दिले.

दात नव्हते, तेव्हा हाडांना विचारावे लागले. इतक्या लहान मुलाच्या हाडांत त्याचे सगळे आयुष्यच असते. रॉयल हॉलोवे कॉलेजातील भूशास्त्रज्ञ केन पाय यांनी हाडांतले स्ट्रॉन्शियम वगैरे तपासले. ते इंग्लंडच्या खडकांशी जुळेना. पश्चिम आफ्रिकेतल्या अतिप्राचीन खडकांशी जुळले. मग विल ओ’रायली या अधिकाऱ्याच्या पथकाबरोबर शास्त्रज्ञ नायजेरियात गेले. तिथे फिरून माती, खडक, जनावरांची हाडे असे नमुने जमवले, कारण ताडून पाहायला काही असल्याशिवाय हाडातला आकडा नुसता आकडाच राहतो. शेवटी बेनिन सिटीच्या आसपासच्या पट्ट्यावर बोट ठेवता आले. पोटातल्या परागकणांवरून असेही कळले की मूल इंग्लंडमध्ये आल्यानंतर थोडेच दिवस जिवंत होते. क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या आतड्यात कॅलाबार नावाच्या विषारी शेंगेचा अंश ओळखला. हे विष माणसाला हलू देत नाही, पण वेदना जाणवत राहतात. यावरून आणि धडाच्या अवस्थेवरून पोलिसांनी हा बळीचा प्रकार असावा असा निष्कर्ष काढला. एप्रिल २००२ मध्ये नेल्सन मंडेला यांनी जगाला आवाहन केले की हे मूल ज्यांचे असेल त्यांनी पुढे यावे.

पुढे २००३ मध्ये माणसांची चोरटी ने-आण करणाऱ्या टोळीवर छापे पडले, २००४ मध्ये त्यातल्या एकाला साडेचार वर्षांची कैद झाली, पण ती ने-आणीबद्दल. खुनाबद्दल आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही. २००६ मध्ये त्या मुलाला लंडनमध्येच नावाची पाटी नसलेल्या जागी पुरले. मधल्या काळात एक-दोन नावे पुढे आली, पण पोलिसांची खात्री पटली नाही. २०२१ मध्ये, वीस वर्षे झाल्यावर, पोलिसांनी पुन्हा एकदा माहितीसाठी आवाहन केले.

हे वाचून कोणी म्हणेल, आफ्रिकेतले लोक असलेच. असे म्हणणाऱ्यांनी आपल्या घरात पाहावे. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा भररस्त्यात खून झाल्यानंतर, जो कायदा करावा लागला त्याच्या नावातच ‘नरबळी’ हा शब्द आहे. गुप्तधनासाठी पायाळू मूल शोधणारे मांत्रिक कोणत्या खंडातले आहेत? असो.

आम्हाला या प्रकरणातली एक वेगळीच गोष्ट जास्त खुपली. अ‍ॅडम कोण हे शोधताना लंडनच्या पोलिसांनी शाळांचे हजेरीपट तपासले. जुलै ते सप्टेंबर २००१ या तीन महिन्यांत चार ते सात वयाची सुमारे ३०० काळी मुले लंडनच्या शाळांतून दिसेनाशी झाली होती. ती बहुतेक सगळी आफ्रिकेतून आलेली होती. पोलिसांना त्यांपैकी अवघ्या दोघांचा पत्ता लागला. बाकीची मेली असे कोणी म्हणत नाही. पुष्कळशी आईबापांबरोबर दुसरीकडे किंवा मायदेशी गेलेली असतील. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तीनशे मुले पटावरून गेली आणि एका शवाची चौकशी निघेपर्यंत ती कुठे गेली हे कोणी विचारले नव्हते. इतक्या श्रीमंत, नोंदी ठेवणाऱ्या देशात! मग दिवाळीच्या सुमारास कोयत्याबरोबर गेलेली बीडची मुले, वीटभट्टीवरून वीटभट्टीवर जाणारी मुले, यांची हजेरी कोण मोजतो? गुरुजी नावापुढे लाल शाईने ‘स्थलांतरित’ लिहितात आणि पान उलटतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा म्हणूनच नोंद करा. आदेश उत्तम आहे. पण तक्रार करायला आधी कोणीतरी यावे लागते.

ही तपासणी आपल्या देशातही झालेली आहे. ती पंजाबातल्या अजनाळ्याला. अमृतसरजवळच्या या गावी गुरुद्वाऱ्याच्या खाली एक जुनी विहीर होती. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये ती खणली, तेव्हा माणसांच्या हाडांचा खच निघाला. कवट्या, दात, नाणी, पदके, बंदुकीच्या गोळ्या. कोणाची ही हाडे? कोणी म्हणे १९४७ च्या फाळणीच्या दंगलीतली. इतिहासाचे कागद मात्र वेगळे सांगत होते. ३० जुलै १८५७ रोजी लाहोरच्या मियां मीर छावणीतून २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई पळाले. रावीच्या काठी ते सापडले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने २८२ जणांना अजनाळ्याला आणून कोंडले. १ ऑगस्टला २३७ जणांना गोळ्या घातल्या. उरलेले ४५ कोंडलेल्या जागीच गुदमरून मेले. सगळे विहिरीत टाकले. हे कूपरने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, आणि तेही मोठ्या अभिमानाने.

पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ इथल्या शास्त्रज्ञांनी या हाडांवर काम केले. ८५ नमुन्यांची आयसोटोप तपासणी झाली, ५० नमुन्यांची डीएनए तपासणी. एप्रिल २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आला. ही माणसे पंजाबची नव्हेत. ती लहानपणी गंगेच्या खोऱ्यात, पूर्वेकडच्या मुलखात वाढलेली होती. कागद सांगत होता तेच दातांनी सांगितले. फाळणीचा तर्क मिटला. इथेही नावे मात्र मिळाली नाहीत. मुलूख मिळाला, पलटण मिळाली, नावे नाहीत.

बंगाल आर्मीतले शिपाई बहुतांशी अवध-बिहारकडचे, वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे. त्यांच्या फौजेत सोवळ्या-ओवळ्याचे किती प्रस्थ होते, हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक आहे. तरीही त्यांची नावे कळावीत असेच आम्हाला वाटते. आम्हाला नावाची किंमत ठाऊक आहे. दर १ जानेवारीला आपण लाखोंनी भीमा कोरेगावला जातो ते कशासाठी? दगडी खांब तर देशात पुष्कळ आहेत. त्या खांबावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली आपल्या पूर्वजांची नावे आहेत म्हणून जातो. कोणीतरी ती लिहून ठेवली, म्हणून बाबासाहेबांना तिथे उभे राहून समाजाला काही सांगता आले. लिहिले नसते तर तो नुसता दगड होता.

दातात पाणी मुरते हे प्रथम वाचले तेव्हा आमच्या मनात महाडच आले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, आपल्या माणसांना बंदी होती. पण तळे भरणारा पाऊस आणि वस्तीजवळच्या डबक्यात साचणारा पाऊस एकाच ढगातून पडत होता. यंत्राला दात दिला तर तो पावसाचा मुलूख सांगतो, खाली खडक कोणता ते सांगतो, ताटात ज्वारी होती की भात ते सांगतो. पाणी कोणत्या पायरीवरून भरले ते त्याला सांगता येत नाही. ज्यांना जात रक्तात असते असे वाटते, त्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरवाल्यांना एकदा विचारून पाहावे.

आता आपल्या दाराशी येऊ. अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस पंचनामा करतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. शवविच्छेदन होते, काही दिवस वाट पाहिली जाते, मग विल्हेवाट. आयसोटोप तपासणी आपल्या पोलिसांच्या रोजच्या कामात नाही. यंत्रे महाग, प्रयोगशाळा थोड्या, आणि कोणत्या तालुक्यातल्या पाण्याचा आकडा काय, याचा तपशीलवार नकाशाही हवा. डीएनए तपासणी होते, पण ती जुळवायला समोर आई, बाप किंवा मूल लागते. म्हणजे फिरून गोष्ट तिथेच येते. हाड आपला अर्धा भाग सांगते. उरलेला अर्धा भाग शोधायला आलेल्या माणसाने आणायचा असतो, आणि तो माणूस ठाण्याच्या टेबलापाशीच अडतो.

आम्ही वस्तीत लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम बरीच वर्षे करीत आहोत. एक भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. नवरा सेंटरिंगच्या कामावर गेला तो परत आला नाही. ठाण्यावर त्यांना सांगितले, ‘बाई, दोन दिवस वाट बघा, प्यायला असेल कुठं तरी, येईल.’ दोन दिवस थांबावे असा कायदा कुठेही नाही. आम्ही सोबत गेलो, मिसिंगची नोंद करवली. नोंदीत काय उतरले? वय ४२, रंग सावळा, बांधा मध्यम. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून बाईंना विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. वरची डावीकडची दाढ दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात काढलेली. उजव्या पायाच्या नडगीवर सळई लागल्याची खूण. डाव्या मनगटावर ‘जयभीम’ गोंदलेले, त्यातला ‘म’ पुसट. लहानपण जालन्याकडच्या खेड्यात, आडाचे पाणी, ज्वारीची भाकरी. लग्नानंतर मुंबई. इतके सगळे त्या बाईच्या तोंडपाठ होते आणि नोंदीत एक ओळ. आम्ही वेगळा अर्ज लिहून तो इनवर्डला दिला, शिक्का घेतला. तो माणूस अद्याप सापडलेला नाही. पण उद्या कुठल्या शवागारात असा एखादा देह आला, तर ताडून पाहायला निदान एक कागद आहे.

पूर्वाश्रमीच्या महारांकडे गावकीत जी कामे होती, त्यांत मयताचा सांगावा परगावी पोचवणे हे एक होते. ऊन असो, पाऊस असो, पाटलाच्या घरी कोणी मेले की आमचा आजा-पणजा दहा-पंधरा कोस पायी जाऊन पाहुण्यांच्या दारात उभे राहून बातमी देई, आणि तीही उंबऱ्याबाहेरून. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी सगळ्या गावाचे सांगावे नेले, त्यांच्याच नातवाचा मृत्यू आज शहरात ‘अनोळखी’ म्हणून नोंदला जातो आणि घरी सांगावा येत नाही. हे आमच्या मनाला फार लागते. शवागारात देह उचलणारे, बेवारस प्रेताला खड्डा खणणारे हातही बहुधा आपल्यातलेच असतात. या बांधवांना पगार किती आणि हातमोजे मिळतात का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

म्हणून घरोघरी एक वही असावी, असे आमचे सांगणे आहे. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे जन्मगाव, लहानपणी कुठे कुठे राहिला, मुंबई-पुण्याला कधी आला, कोणता दात काढला किंवा भरला, हाड कुठे मोडले होते, गोंदण काय, शस्त्रक्रिया कोणती, हे लिहावे. दवाखान्याचा एक्स-रे रद्दीत देऊ नये. कामावर बाहेरगावी जाणाऱ्याने मुकादमाचे नाव आणि नंबर घरी ठेवून जावे. कोणी हरवले तर त्याच दिवशी ठाण्यात जावे, हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तरी नोंद मागावी, अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. आई, बाप किंवा मुलाच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी द्यायची तयारी अर्जातच लिहावी. आणि बेवारस देहाची विल्हेवाट लावण्याआधी एक दाढ आणि हाडाचा तुकडा जपून ठेवण्याचा आग्रह आपल्या मंडळांनी, महिला मंडळांनी जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदने देऊन धरावा. खर्च एका डबीचा आणि चिठ्ठीचा आहे. तपासणी आज नाही झाली तर दहा वर्षांनी होईल. अजनाळ्याच्या दातांनी दीडशे वर्षांहून जास्त वाट पाहिली.

ज्यांना अर्ज लिहिण्यात अडचण असेल, त्यांनी रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात यावे. कागद आमच्याकडे आहेत, पैसे लागत नाहीत. येताना माणसाचा फोटो आणावा. लग्नातला, वाढदिवसाचा, कसलाही चालेल. फक्त त्यात तो हसत असलेला पाहा, म्हणजे दात दिसतात.